साठ हप्ते

अल्पबचतीवरच्या पुस्तकाची प्रस्तावना व्याजदरांच्या तक्त्याने सुरू व्हावी, अशी अपेक्षा असते. तक्ते पुस्तकाच्या शेवटी आहेत. मी सुरुवात एका पिशवीपासून करते, कारण या विषयात मला जे थोडंफार कळलं ते त्या पिशवीमुळे.

पिशवी खाकी होती. भावाच्या शाळेच्या जुन्या चड्ड्यांच्या कापडातून गल्लीतल्या शिंप्याने शिवून दिलेली. आत तीन कप्पे. एकात रबर लावलेले कार्डांचे गठ्ठे, दुसऱ्यात पैसे, तिसऱ्यात कार्बन पेपर, अंगठ्यासाठी शाईचं पॅड आणि लिमलेटच्या गोळ्यांची पुडी. ज्या घरी हप्ता मिळायचा, त्या घरातल्या पोराला आई एक गोळी द्यायची. हप्ता नाही मिळाला तर दोन. या धंद्यातलं सगळ्यात मोठं भांडवल म्हणजे पुढच्या महिन्यात त्या दारात पुन्हा उभं राहता येणं, हे मला फार उशिरा उमगलं.

आई तासगावात पोस्टाची एजंट होती. कागदोपत्री ‘महिला प्रधान क्षेत्रीय बचत योजने’ची अधिकृत एजंट, गावात ‘आरडीवाल्या वैनी’. ही योजना १९७२ ची. एजंट फक्त बायकाच. त्यांनी दारोदार फिरून पोस्टाच्या पाच वर्षांच्या आवर्ती ठेवीचे हप्ते गोळा करायचे, पोस्टात भरायचे आणि शेकडा चार रुपये कमिशन घ्यायचं. आईकडे एके काळी १४० कार्डं होती. कुणाचे दहा रुपये, कुणाचे वीस, एखाद्या दुकानदाराचे दोनशे. महिन्याला सगळे मिळून नऊ हजारांच्या आसपास जमत. म्हणजे तिची कमाई ३६० रुपये, त्यातून चपला वजा करायच्या.

ज्यांचं खातं महिन्याच्या १५ तारखेच्या आत उघडलेलं, त्यांचा हप्ता दर महिन्याला १५ च्या आत भरायचा, बाकीच्यांचा महिनाअखेरपर्यंत. त्यामुळे आमच्या घरी महिन्यातून दोनदा परीक्षेची रात्र असायची. जेवणं उरकली की स्वयंपाकघरातच सतरंजी अंथरून यादी लिहायला बसायचं. खातेक्रमांक, नाव, हप्ता, बेरीज. माझं अक्षर बरं म्हणून लिहिण्याचं काम माझ्याकडे, खालच्या प्रतीवर उमटलं पाहिजे म्हणून पेन दाबून. आई नोटा मोजायची. चुरगळलेल्या नोटा ती मांडीवर ठेवून तळहाताने सरळ करायची आणि नोटेच्या वासावरून सांगायची, ही मटणवाल्याची, ही पिठाच्या गिरणीतली. बेरीज चुकली तर पहाटेचे दोन वाजले तरी उठायचं नाही. एकदा पाच रुपये जास्त निघाले. कमी निघाले असते तर तिने पदरचे घातले असते. जास्त निघाले म्हणून मात्र दुसऱ्या दिवशी ती चौदा घरं फिरली.

त्या १४० कार्डांत एक कार्ड आक्काचं होतं. आक्का बाजारात मेथी-कोथिंबीर विकायची. महिन्याला पन्नास रुपये एकरकमी काढणं तिला जमण्यासारखं नव्हतं, म्हणून ती रोज संध्याकाळी घरी जाताना आमच्या दारात टोपली उतरवायची, पदराची गाठ सोडायची आणि दोन रुपये आईच्या हातावर ठेवायची. आई ते वेगळ्या वहीत लिहायची. पंचवीस दिवस झाले की पन्नास आणि पन्नास झाले की हप्ता. हे नियमात बसणारं नव्हतं. एजंटाने लोकांचे सुटे पैसे असे घरी सांभाळू नयेत, आणि तो नियम योग्यच आहे. त्याचं कारण पुढे येईल. पण आक्काला नियमापेक्षा आमचा उंबरठा वाटेवर पडत होता.

खातं उघडलं त्या दिवशी ती म्हणाली होती, “वैनी, म्या मागाय आले तरी दिऊ नगासा. रडाय लागले तरी दिऊ नगासा.”

तिसऱ्या वर्षी ती आलीच. जावयाला मोटारसायकल घ्यायची होती आणि लेकीकरवी निरोप आला होता. आईने चहा टाकला. मग पासबुक काढून तिच्यापुढे ठेवलं. म्हणाली, “आक्का, पैसे तुझे आहेत. उद्या दहाला पोस्टात ये, फॉर्म मी भरून देते. नाहीतर जावयाला सांग, पैसे वैनीकडं अडकलेत, त्या सोडत नाहीत. मला नावं ठेवू दे त्याला.”

आक्का दुसऱ्या दिवशी पोस्टात आली नाही. संध्याकाळी दारात आली, टोपली उतरवली आणि दोन रुपये दिले. साठ हप्ते पुरे झाले तेव्हा भरलेल्या तीन हजारांचे चार हजारांच्या आसपास झाले होते आणि त्या पावसाळ्याआधी तिच्या घरावर पत्रा चढला. जावई पुढे कित्येक वर्षं आईशी बोलत नव्हता.

बचतीवरची पुस्तकं मी पुष्कळ वाचली. त्यांतली बहुतेक माणसाला एकटं धरून उपदेश करतात: खर्च लिहा, मन आवरा, आधी बाजूला काढा आणि मग खर्च करा. उपदेश खोटा नाही. पण आमच्या सतरंजीवरून मला जे दिसलं ते वेगळं होतं. बचत एकट्याने होत नाही. तिला साक्षीदार लागतो. रोज कुणीतरी दारात येतं, हात पुढे करतं, लिहून घेतं. आणि घरातलंच माणूस मागायला आलं की ज्याच्या नावावर ‘नाही’ म्हणता येईल असा एक परका लागतो. आईच्या शेकडा चारांतले साडेतीन तरी या ‘नाही’चे होते, असं मी धरते. ‘थेंबे थेंबे तळे साचे’ ही म्हण आमच्या शाळेच्या भिंतीवर रंगवलेली होती. म्हण कोकणातली असावी. आमच्या दुष्काळी भागात थेंब साचायच्या आत वाळतो, त्याच्यावर झाकण ठेवायला कुणीतरी लागतंच.

ही गोष्ट कुणी पुस्तकात वाचून काढलेली नाही. पोटाला चिमटा घेऊन जगणाऱ्यांशी व्यवहार करणाऱ्यांना ती आधीपासून माहीत होती. पोस्टाची बचत बँक १८८२ ची. पण पोस्टाच्या खिडकीपर्यंत माणसाने आपल्या पायांनी जायचं होतं आणि हातावर पोट असलेला माणूस पोस्ट उघडं असतं त्या वेळी कामावर असतो. १९२८ मध्ये उडुपीच्या एका लहानशा बँकेने, म्हणजे पुढे जी सिंडिकेट बँक म्हणून ओळखली गेली तिने, उलटी चाल केली. बँकेचाच माणूस रोज दारात पाठवला आणि अगदी दोन-दोन आणे घ्यायला सुरुवात केली. तीच पिग्मी. आज आपल्या गावातल्या पतसंस्थेचा पिग्मीवाला मशीन घेऊन टपरीवर येतो, चिठ्ठी फाडतो आणि ‘काय शेठ, आज शंभरच का?’ असं विचारतो, तेव्हा तो त्या दोन आण्यांचाच वारसा चालवत असतो. त्याच्या त्या विचारण्यात अर्धी पिग्मी असते.

सरकारलाही हे कळलं होतं, पण सरकारच्या पद्धतीने. राष्ट्रीय बचतीचं देशाचं मुख्यालय आपल्या नागपुरात होतं, हे किती जणांना ठाऊक आहे? पुण्यातल्या अल्पबचत भवनात पुस्तकांची, कपड्यांची प्रदर्शनं बघायला गेलेल्यांनी तरी हे नाव इथे का, असं स्वतःला विचारलं असेल की नाही कोण जाणे. एके काळी मार्च महिना उजाडला की तलाठी, ग्रामसेवक आणि शिक्षक यांच्या मानेवर अल्पबचतीचं ‘उद्दिष्ट’ बसायचं. कारण साधं होतं. राज्यात जमलेल्या अल्पबचतीचा मोठा हिस्सा केंद्राकडून राज्याला कर्ज म्हणून मिळायचा. १९९९ पासून त्यासाठी स्वतंत्र निधीच झाला. आक्काच्या दोन रुपयांतून कुठलं तरी धरण, कुठला तरी रस्ता उभा राहत होता. २०१६ पासून महाराष्ट्रासह बहुतेक राज्यांनी हे कर्ज घेणं थांबवलं आणि तलाठ्याची मान मोकळी झाली. बचतीचं कौतुक सरकारदरबारी तेव्हापासून जरा ओसरलं, हा माझा संशय आहे.

भिशीवर या पुस्तकात एक अख्खं प्रकरण आहे, कारण भिशीत व्याज नसतानाही ती टिकली आहे. बारा बायका, महिना हजार, चिठ्ठी निघेल तिला बारा हजार. पहिल्या महिन्यात जिचा नंबर लागतो तिला ते बिनव्याजी कर्ज, बाराव्या महिन्यात लागतो तिला ती बिनव्याजी ठेव. हिशेबाने बघितलं तर शेवटची बाई तोट्यात. तरीही शेवटचा नंबर मागून घेणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. मुलीची फी जूनमध्ये भरायची असते, त्याआधी पैसे हातात आले तर राहणार नाहीत, हे त्यांना पक्कं ठाऊक असतं. व्याज बुडालं तरी चालेल, पण अकरा जणींची नजर हवी. लिलावाच्या भिशीचं गणित निराळं आहे. तिथे बोली लागते, गरजू माणूस कमी रकमेवर भिशी उचलतो आणि उरलेले वाटून घेतात. तिच्याबद्दल मी फारसं चांगलं लिहिलेलं नाही.

साक्षीदार हवा म्हटलं, पण तो घरातला नको असतो, हेही इथेच सांगते. ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री पाचशे-हजारच्या नोटा बंद झाल्या आणि महाराष्ट्रातल्या कित्येक स्वयंपाकघरांतले तांदळाचे डबे बोलायला लागले. नवऱ्याला न सांगता, सासूला न कळता, भाजीच्या पैशांतून मागे ठेवलेल्या नोटा बायकांना नवऱ्याच्याच हातात द्याव्या लागल्या, कारण बँकेतलं खातं त्याच्या नावावर. माझ्या ओळखीतल्या एका बाईने बारा वर्षांत साठवलेले ऐंशी हजार काढून दिले. घरात आधी कौतुक झालं, मग चौकशी झाली आणि नंतर त्यातून फ्रीज आला. फ्रीजची गरज होतीच, ती नाकारत नाही. पण त्या दिवसानंतर तिने डबा ठेवला नाही. आता तिचं स्वतःच्या नावाचं पोस्टातलं खातं आहे आणि पासबुक माहेरी आहे.

स्वतःचं खातं नसण्याच्या याच नडीतून साताऱ्याच्या माण तालुक्यात एक बँक जन्माला आली. म्हसवडला रस्त्यावर पाल ठोकून लोहारकाम करणाऱ्या एका बाईला पावसाळ्याआधी ताडपत्री घ्यायची होती. त्यासाठी थोडे थोडे पैसे साठवायचे, तर कुठलीही बँक तिचं खातं उघडेना, रक्कम फारच लहान म्हणून. चेतना सिन्हा यांनी तिथल्या बायकांना जमवून स्वतःचीच सहकारी बँक काढायचं ठरवलं. रिझर्व्ह बँकेने पहिला अर्ज फेटाळला: प्रवर्तक बायका निरक्षर आहेत. बायकांनी काही महिने लिहायला-वाचायला शिकून पुन्हा मुंबई गाठली आणि अधिकाऱ्यांना सांगितलं, कुठल्याही रकमेवरचं व्याज विचारा, आम्ही तोंडी सांगतो. तुमच्या साहेबांनाही कॅल्क्युलेटरशिवाय करायला सांगा. १९९७ मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली. हा प्रसंग लोक बाईच्या जिद्दीसाठी सांगतात. मला त्यातलं गणित महत्त्वाचं वाटतं. शेकडा दोन, शेकडा पाच अशा भाषेत ज्यांचं आयुष्य सावकाराशी घासाघीस करण्यात गेलं, त्यांना व्याज शिकवायला लागत नाही. त्यांना खातं लागतं.

बचत गटांची कहाणी बऱ्यापैकी परिचित आहे, ती लांबवत नाही. नाबार्डने १९९२ मध्ये गटांना बँकांशी जोडायला सुरुवात केली आणि महाराष्ट्रात ‘माविम’ने, म्हणजे महिला आर्थिक विकास महामंडळाने, गावोगावी गट उभे केले. महिन्याची बैठक, पन्नास किंवा शंभर रुपये, वहीवर सह्या, गटातून उचल घेतली तर शेकडा दोन व्याज आणि ते व्याज गटातच. हे सगळं उत्तम. पण एक गोष्ट मनात सलते आणि ती मी पुस्तकात थोडी कडवटपणे लिहिली आहे. दहा बायकांची जी नजर बचतीला उपयोगी पडते, तीच वसुलीलाही उपयोगी पडते. छोटी कर्जं देणाऱ्या कंपन्यांनी ही नजर फुकटात उचलली. आता बऱ्याच गावांत ‘गटाची मीटिंग’ म्हणजे आठवड्याचा हप्ता भरायला जमलेल्या बायका आणि समोर मोटारसायकलवरून आलेला पोरगा. एकीने भरला नाही तर बाकीच्या नऊ थांबून राहतात. नाव बचत गटाचंच असतं.

आता पैशाचं बोलू. लहान बचतीने संपत्ती होते का?

पोस्टाच्या आवर्ती ठेवीवर ऑक्टोबर २०२३ पासून ६.७ टक्के दर होता, तो धरून सांगते. महिना १०० रुपये, साठ हप्ते, भरले ६,०००. हातात येतात सुमारे ७,१३६. म्हणजे पाच वर्षं न चुकता महिना पाळण्याचं बक्षीस ११३६ रुपये. याला संपत्ती म्हणणाऱ्याकडून काही विकत घेऊ नये. आक्काचा पत्रा व्याजातून आला नव्हता, मुद्दलातूनच आला होता. एरवी ज्याचं कुठे काय झालं असतं ते कळलंच नसतं, ते मुद्दल साठाव्या महिन्यात एका जागी सापडलं.

पण तोच हप्ता पुढे चालू राहिला तर चित्र बदलतं, आणि कधी बदलतं ते बघण्यासारखं आहे. पीपीएफ, म्हणजे १९६८ सालची सार्वजनिक भविष्य निर्वाह निधी योजना. मुदत १५ वर्षांची, पुढे पाच-पाच वर्षांनी वाढवता येते. समजा कुणी दर वर्षी एप्रिलच्या सुरुवातीला १२,००० रुपये भरले आणि दर ७.१ टक्केच राहिला. पहिल्या वर्षीचं व्याज ८५२ रुपये. पंधराव्या वर्षाअखेर भरलेले १ लाख ८० हजार, झालेले सुमारे सव्वातीन लाख. बरं आहे, पण डोळे दिपण्यासारखं काही नाही. बहुतेक लोक इथे पैसे काढतात आणि घराला रंग लावतात. ज्याने आणखी दहा वर्षं तेच १२,००० भरले, त्याने पदरचे फक्त १ लाख २० हजार जास्त घातले. पंचविसाव्या वर्षाअखेर त्याच्या खात्यावर सव्वाआठ लाखांच्या जवळपास असतात. त्या शेवटच्या एका वर्षाचं व्याजच साडेचोपन्न हजारांच्या वर जातं. चक्रवाढ व्याज हा फार उशिरा येणारा पाहुणा आहे, आणि बहुतेक घरं तोवर दिवा मालवून झोपलेली असतात.

म्हणून या पुस्तकात ‘किती टक्के’ यापेक्षा ‘किती वर्षं’ यावर जास्त पानं खर्च केली आहेत. हप्ता लहान असल्याने जेवढं नुकसान होतं, त्याहून जास्त मधेच मोडल्याने होतं. बापाने सुरू केलेलं खातं मुलाने अठराव्या वर्षी मोबाइलसाठी मोडलं, ही आमच्या काळातली सर्वांत महागडी खरेदी आहे.

हेच गणित उलटंही चालतं, आणि ते लपवणं अप्रामाणिकपणाचं होईल. ७२ ला व्याजदराने भागलं की पैसे किती वर्षांत दुप्पट होतील ते अंदाजे कळतं. ७२ ला महागाईच्या दराने भागलं की रुपया किती वर्षांत आठ आण्याचा होईल तेही कळतं. महागाई सहा टक्के धरा: बारा वर्षं. वरच्या सव्वाआठ लाखांकडे याच नजरेने पाहायचं. वडिलांच्या पिढीतले लोक १९८६ ते २००० मधल्या पीपीएफच्या १२ टक्क्यांची आठवण काढून उसासे टाकतात. त्यातली काही वर्षं महागाईही दोन आकडी होती, हे त्यांच्या लक्षात राहिलेलं नाही. म्हणून दीर्घ मुदतीच्या बचतीतला काही भाग शेअर बाजाराशी जोडलेला असावा, असं माझं मत आहे, आणि त्यावर स्वतंत्र प्रकरण आहे. पण तिथेही डोळे उघडे हवेत. यूएस-६४ ही युनिट ट्रस्टची योजना १९६४ पासून मध्यमवर्गीय घरांत बँकेच्या ठेवीसारखीच मानली जायची. २००१ च्या जुलैमध्ये युनिटांची फेरखरेदी थांबली तेव्हा पेन्शनीत निघालेल्या कित्येकांना पहिल्यांदा समजलं की आपण शेअर बाजारात होतो.

आता आमच्या घरची गोष्ट, जी सांगायला आई असती तर तिने मला परवानगी दिली नसती. गावच्या १४० घरांचे पैसे पै-पैचा हिशेब देऊन सांभाळणाऱ्या बाईच्या स्वतःच्या घरचे पैसे बुडाले. वडील शिक्षक. निवृत्त झाल्यावर आलेली रक्कम त्यांनी एका पतसंस्थेत ठेवली. बँकेपेक्षा दोन टक्के जास्त मिळत होते आणि चेअरमन त्यांचा विद्यार्थी होता. ‘सर, तुमचे पैसे म्हणजे आमचे पैसे,’ असं तो म्हणाला होता, आणि पुढे ते अक्षरशः खरं ठरलं. चौथ्या वर्षी शटर खाली आलं. नऊ वर्षं हेलपाटे घातल्यावर मुद्दलातलं निम्मं परत मिळालं. आई त्यावर एकदाच बोलली: “पासबुक मात्र सुरेख छापलं होतं.”

साक्षीदार लागतो म्हणणाऱ्या मला हा प्रसंग टाळता येत नाही. वडिलांकडे साक्षीदार होता: ओळख, नातं, गुरुशिष्याचा मान. पण त्या साक्षीदारावर कुणाची नजर नव्हती. एजंटाने सुटे पैसे घरी ठेवू नयेत हा नियम योग्य आहे असं वर म्हटलं, ते याचमुळे. आई चांगली होती म्हणून आक्काचे पैसे राहिले. दुसऱ्या एखाद्या एजंटाकडे कार्डावर सही व्हायची आणि पासबुकात नोंदच नसायची, अशी प्रकरणंही घडली आहेत. चांगुलपणावर पत्रा चढतो तसा चांगुलपणावर विश्वास ठेवून शटरही खाली येतं.

या बाबतीत कायदा काय देतो ते ठेवीदारांना नीट माहीत नसतं. १९६० मध्ये केरळची पलाई सेंट्रल बँक आणि आपल्या अकोल्याची लक्ष्मी बँक बुडाली, त्या धक्क्यातून १९६२ पासून बँक ठेवींना विमा आला. सुरुवातीला हा विमा अवघ्या दीड हजार रुपयांचा होता. १९९३ मध्ये एक लाख आणि फेब्रुवारी २०२० पासून पाच लाख. सहकारी बँकांनाही तो आहे. पतसंस्थांना नाही. ‘बँक’ आणि ‘पतसंस्था’ या दोन पाट्यांमधला हा फरक आमच्या वडिलांना, जे तीस वर्षं मराठी शिकवत होते, कुणी सांगितला नव्हता. पश्चिम महाराष्ट्राने तर याहून पुढचा शब्द घडवला आहे. साखर कारखाने उसाच्या बिलातून जी रक्कम कापून घेत, तिला ‘बिनपरतीची ठेव’ म्हणत. ठेव आणि बिनपरतीची! भाषेवर एवढा अत्याचार करूनही शेतकऱ्याने ती मुकाट्याने दिली, यावरून त्याला ठेवीची किती सवय होती ते समजावं.

आजचा साक्षीदार म्हणजे मोबाइल. दर महिन्याच्या ठरलेल्या तारखेला खात्यातून एसआयपीचे पैसे आपोआप कटतात. एप्रिल २०२४ मध्ये देशभरात एका महिन्यात एसआयपीतून जमा होणारी रक्कम पहिल्यांदाच २० हजार कोटींपलीकडे गेली. पैसे गोळा करण्याचं आईचं काम आता यंत्र करतं, शेकडा चार न घेता, चपला न झिजवता. फक्त ‘नाही’ म्हणण्याचं काम त्याला जमत नाही. जावयाची मोटारसायकल आली की अंगठ्याने दोनदा दाबायचं, तीन दिवसांत पैसे खात्यात. पुढ्यात चहाचा कप येत नाही, आणि कुणी म्हणत नाही की मला नावं ठेवू दे. बाजार पडला की लोक एसआयपी बंद का करतात, याची कारणं अर्थशास्त्रात शोधली जातात. मला वाटतं, त्यांच्या दारात कुणी येत नाही.

त्यामुळे पुस्तकातलं शेवटचं प्रकरण योजनांचं नाही, माणसांचं आहे. कुठल्या मैत्रिणीला, कुठल्या गटाला आपल्या बचतीचा साक्षीदार करायचं, त्याच्यावर नजर कुणाची ठेवायची आणि पासबुक कुणाच्या हाती द्यायचं नाही, हे त्यात आहे. ज्यांना एका वर्षात पैसे दुप्पट करायचे आहेत त्यांनी हे पुस्तक जिथून घेतलं तिथे परत द्यावं. दुकानदार चांगला असेल तर पैसे परत देईल.

ज्या एजंट भगिनींनी मला आपल्यासोबत गल्ल्या फिरू दिल्या त्यांची नावं त्यांच्याच सांगण्यावरून छापलेली नाहीत. त्यांपैकी बहुतेकींची कार्डं आता कमी झाली आहेत.

वाचायला सुरुवात करण्याआधी एक काम करा. घरातली सगळी पासबुकं आणि पावत्या एका जागी काढा आणि प्रत्येकावर वारसाचं नाव लावलेलं आहे का ते बघा. आई गेल्यावर तिच्या पिशवीत तिच्या स्वतःच्या नावाचं एक पासबुक निघालं, ज्याची आम्हा कुणाला कल्पना नव्हती. वारस म्हणून तिने माझं नाव लावलं होतं, म्हणून काम एका अर्जात झालं. पुस्तकाच्या शेवटचे तक्तेही पडताळून घ्या: त्यांतले व्याजदर छपाईच्या वेळचे आहेत आणि सरकार ते दर तिमाहीला नव्याने जाहीर करतं. पैसे भरण्याआधी खिडकीवर एकदा विचारा, आणि भरल्यावर पासबुकात नोंद झाल्याशिवाय खिडकी सोडू नका.